पहिली कामाची गाडी घेताय? आधी टेप लावा

ठेकेदारी जरा रुळली, दोन-चार आर्किटेक्टकडे नाव झालं, की गाडीचा विचार सुरू होतो. शोरूमला चक्कर होते, सेल्समन चहा पाजतो, ‘नव्वद टक्के लोन करून देतो’ म्हणतो आणि जी गाडी स्टॉकला पडून आहे ती दारात येऊन उभी राहते. हा लेख त्या चकरेच्या आधी वाचायचा आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, पेंटर, सुतार, टाइल्सवाले, फॅब्रिकेटर, एसी आणि सोलर बसवणारे, म्हणजे ज्यांचं पोट हत्यारावर आहे आणि वाहतूक हा ज्यांचा धंदा नाही, अशांसाठी तो आहे. भाडं मारायला टेम्पो घेणाऱ्याचा हिशेब निराळा, तो इथे नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: रोज जे न्यावं लागतं त्याच्या मापाची गाडी घ्या. महिन्यातून दोनदा जे न्यावं लागतं ते अड्ड्यावरच्या टेम्पोत जाऊ द्या. बहुतेक जण उलटं करतात. वर्षातलं सगळ्यात मोठं काम डोळ्यासमोर ठेवून पिकअप घेतात आणि उरलेलं वर्ष त्या पिकअपमधून एक ड्रिल मशीन आणि दोन डबे फिरवतात.

पहिली पायरी: वही घाला

निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर, रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा. काय नेलं, त्याचं वजन किती, त्यातला सगळ्यात लांब नग किती फुटांचा आणि सोबत माणसं किती. वजन अंदाजाने लिहू नका, कारण अंदाज नेहमी कमी निघतो. सिमेंटची गोणी 50 किलोची असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 20 लिटरची इमल्शनची बादली 20 किलोची नसते, 28 ते 30 किलो भरते. दहा बादल्या आणि चढायचा घोडा टाकला की पेंटरचे सव्वातीनशे किलो झाले.

टाइल्सवाल्यांनी तर हा हिशेब करूनच बघावा. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइलचा चार नगांचा बॉक्स 28 किलोच्या आसपास असतो आणि 16 चौरस फूट भरतो. हजार फुटांच्या फ्लॅटला 63 बॉक्स, म्हणजे पावणेदोन टनांच्या वर, आणि त्यात अॅडेसिव्हच्या गोण्या धरलेल्या नाहीत. हा माल छोट्या हत्तीने, म्हणजे टाटा एसने, न्यायचा तर तीन फेऱ्या. पण टाइल्स दुकानदार साईटवर पोचवतोच, त्याचा टेम्पो असतो आणि हमालही असतात. मग टाइल्सवाल्याची स्वतःची गाडी कशासाठी? कटर, मिक्सर, लेव्हलिंगच्या क्लिपा आणि ऐन वेळी कमी पडलेल्या चार गोण्यांसाठी. त्याला टनाची गाडी लागतच नाही.

वहीत म्हणूनच एक रकाना ‘दुकानदार पोचवतो का?’ असाही ठेवा. पंधरा दिवसांनी दिसेल की आपण वाहतो असं ज्याला म्हणत होतो त्यातला निम्मा माल मुळात आपण वाहायचाच नव्हता.

दुसरी पायरी: लांबी मोजा

गाडी विकणारा टन सांगतो. कारागिराचं घोडं मात्र बहुतेक वेळा फुटांत अडतं.

प्लायवूडचा शीट आठ बाय चारचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. टाटा एस गोल्डचा हौदा 2200 बाय 1490, मारुती सुपर कॅरीचा 2183 बाय 1488. रुंदीला शीट आरामात बसतो, लांबीला जवळपास एक वीत बाहेर येतो. म्हणजे मागचा फाळका बंद होत नाही. फाळका उघडा ठेवून, दोरी मारून लोक नेतात, तुम्हीही पाहिलं असेल. पण रोज तेच करायचं असेल तर दोन गोष्टी होतात: शीटचे कोपरे उडतात आणि चौकातला पोलीस थांबवतो. इंटिरिअरचं काम करणाऱ्या सुताराने म्हणून आठ फुटांच्या वर हौदा असलेली गाडी बघावी. एसमध्येच लांब हौद्याचं मॉडेल मिळतं, शिवाय इंट्रा, दोस्त, बोलेरो पिकअप आहेत. सोलरवाल्यांचीही हीच अडचण. 540 वॅटचं पॅनल साधारण 2278 मिलिमीटर लांब असतं. छोट्या हौद्यात ते आठ सेंटिमीटरने अडतं आणि काच असल्यामुळे तिरकं कोंबताही येत नाही.

प्लंबर-इलेक्ट्रिशियनचा पाईप दहा फुटी. तो व्हॅनच्या आत बसत नाही, पण हलका असतो, कॅरिअरवर जातो. त्यासाठी मोठी गाडी घेऊ नये.

फॅब्रिकेटरची गंमत वेगळी. अँगल, स्क्वेअर पाईप वीस फुटी येतात आणि वीस फूट लांब नग या लेखातल्या कुठल्याच गाडीत बसणार नाही. म्हणून फॅब्रिकेटरने कच्च्या मालाकडे पाहून गाडी निवडायची नाही. लोखंड दुकानदाराच्या गाडीतून वर्कशॉपला येतं. तुमच्या गाडीने न्यायचं ते तयार ग्रिल, गेट, जिन्याचा कठडा. तेव्हा गेल्या वर्षात बनवलेल्या गेटांची मापं काढा. गेट उभं न्यायचं की आडवं, हौद्याच्या कडेला ते बांधायला हूक आहेत का, रंग खरवडणार नाही ना, हे प्रश्न टनापेक्षा महत्त्वाचे.

लांबी मोजताना गाडीबाहेरचंही मोजा. सोसायटीच्या बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची पाटी असते, वर लोखंडी स्टँड लावलेली गाडी तिथे आत जात नाही. मग माल रस्त्यावर उतरवून दीडशे पावलं डोक्यावर न्यावा लागतो. पेठांमधल्या बोळात, चाळीच्या तोंडाशी कुठली गाडी वळते तेही तुमच्या नेहमीच्या चार साईटवर जाऊन बघा. आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार? बऱ्याच सोसायट्या पिवळ्या पाटीचा टेम्पो आत घेत नाहीत. रस्त्यावर उघड्या हौद्याची गाडी लावायची तर रोज रात्री सगळी मशीनं वर घरात न्यायची तयारी ठेवा, नाहीतर बंद बॉडीची गाडी घ्या. इलेक्ट्रिशियन आणि एसीवाल्यांना, ज्यांचा माल कमी पण किमती असतो, बंद गाडीच सोयीची.

तिसरी पायरी: माणसं कुठे बसणार

हा प्रश्न गाडी आल्यानंतर सुचतो. छोट्या हत्तीत चालवणारा आणि बाजूला आणखी एक, झालं. तुमची टीम पाच जणांची असेल तर बाकीचे तीन हौद्यात बसणार, हे ठरल्यासारखंच असतं. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्याला मान्य नाही आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. हौद्यातला बिगारी पडला, तर त्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते.

यावर तीन वाटा आहेत. टीम दुचाकींवर, गाडीत फक्त माल, ही बहुतेकांची वाट आणि ती वाईट नाही. पेट्रोलचे पैसे ठरवून द्या, कुरकुर राहत नाही. दुसरी, बोलेरो कॅम्परसारखी दोन ओळींच्या सीटची पिकअप. शहराबाहेर मुक्कामी कामं घेणाऱ्यांना ती बरी पडते, पण केबिन लांब म्हणून हौदा आखूड होतो, आठ फुटी शीट विसरा. तिसरी वाट पाच सीटची मारुती ईको व्हॅन. मागे हत्यारं, पुढे माणसं. माल थोडा आणि माणसं जास्त असतील तर याहून सोपं काही नाही. मात्र मागची सीट काढून तिचा टेम्पो करू नका. प्रवासी म्हणून नोंदलेल्या गाडीत सीट काढून माल भरला की कागद आणि गाडी यांचा मेळ राहत नाही.

चौथी पायरी: भाडं बरं की हप्ता

इथे जरा वेळ काढा, कागद-पेन्सिल घ्या. मी खालचे आकडे उदाहरणादाखल धरतो. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा करा.

पाच लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता महिन्याला साधारण 10,900. विमा वर्षाचा 30,000 धरला तर महिन्याला 2,500. टायर, सर्व्हिसिंग, फिटनेस, किरकोळ ठोकाठोकी मिळून 2,000. म्हणजे गाडी जागेवर उभी असतानाच महिन्याला 15,400 रुपये खाते. आता शहरातल्या शहरात टेम्पोवाला एका फेरीचे 700 घेतो आणि स्वतःच्या गाडीला त्याच फेरीला 150 चं इंधन लागतं असं धरा. एका फेरीमागे वाचतात 550. म्हणजे 15,400 भरून काढायला महिन्याला 28 फेऱ्या हव्यात, जवळजवळ रोज एक.

हे स्वतः चालवलीत तर. ड्रायव्हर ठेवला आणि त्याला 16,000 दिले, की आकडा 57 फेऱ्यांवर जातो. छोट्या ठेकेदाराला ड्रायव्हर परवडत नाही तो इथेच. टीममधल्या ज्या मुलाकडे लायसन्स आहे त्यानेच चालवावी, आणि त्याचा पगार त्या मानाने थोडा वाढवावा. एरवी तो दोन महिन्यांत दुसरीकडे जातो आणि गाडी दारात उभी राहते.

वहीतल्या फेऱ्या वीसच्या आत असतील तर अजून वर्षभर भाड्याने चालवा. पण फेऱ्यांशिवाय एक गोष्ट हिशेबात धरा: भाड्याचा टेम्पो सकाळी आठला म्हटलं की साडेनऊला येतो आणि तोवर चार माणसं साईटवर बसून हजेरी घेतात. तुमच्या वहीत असे खाडे वरचेवर दिसले, तर वीस फेऱ्यांनाही गाडी परवडते.

दुचाकीला हसू नका. एकट्या प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला, आरओ-गीझर दुरुस्त करणाऱ्याला स्कूटर आणि मागे लोखंडी पेटी यापेक्षा मोठं काही पहिली दोन वर्षं लागत नाही. शिवाय सेवा देणाऱ्याला दिवसात सहा घरं गाठायची असतात. पुण्या-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये टेम्पोने ती तीन होतात.

पाचवी पायरी: आता गाड्या बघा

तीनचाकी मालवाहू, म्हणजे बारामतीत बनणारी आपे किंवा बजाजची मॅक्सिमा. साधारण पाचशे किलो. बोळात वळते, दुरुस्ती कुठल्याही नाक्यावर होते. तालुक्याच्या गावी, दहा किलोमीटरच्या आत काम असेल तर उत्तम. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी आहे आणि लांबच्या पल्ल्याला तिच्यात बसणाऱ्याची कंबर राहत नाही.

ईको कार्गो: बंद, कुलूप लागतं, पावसाळ्यात ताडपत्रीची भानगड नाही, चालवायला मोटारीसारखी. इलेक्ट्रिकल, एसी, सीसीटीव्ही, पेंटिंग, वॉटरप्रूफिंग या कामांना माझी पहिली पसंती हीच.

छोटा हत्ती 2005 मध्ये आला आणि त्याने पाऊण टनाचा हा वर्गच उभा केला. सुपर कॅरी त्याच वर्गातली. पेट्रोल सुपर कॅरीला 740 किलो पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर माल, आहे, सीएनजीला 625, कारण टाकीचं वजन मालातून वजा होतं. प्लंबिंगची मोठी कामं, फॉल्स सीलिंग, ग्रिल, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, यांना ही मापं बसतात.

त्यावर इंट्रा, दोस्त आणि बोलेरो पिकअप, एक टनापासून 1.7 टनांपर्यंत. बोरवेलचे पंप, मोठं फॅब्रिकेशन, मॉड्युलर किचन, स्कॅफोल्डिंग स्वतःचं असणारे ठेकेदार, यांनी इथे यावं. घाटात रोज भरलेली गाडी चढवायची असेल, महाबळेश्वर, माथेरान पायथा, कोकणातली कामं, तर या वर्गाखाली उतरू नका. पाऊण टनाची गाडी घाट चढते, पण दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढते आणि उतरताना ब्रेक तापतात.

यादी करून झाली की एक करा. ज्या मॉडेलवर मन बसलंय तेच मॉडेल अड्ड्यावरून दिवसभरासाठी भाड्याने घ्या, त्यात तुमचाच माल भरा आणि तुमच्याच साईटवर न्या. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची असते, तिच्यावरून काहीच कळत नाही. शिवाय अड्ड्यावरचा टेम्पोवाला त्या गाडीचे क्लच किती दिवसांत जातात ते सेल्समनपेक्षा खरं सांगतो.

इंधनाचं थोडक्यात. शहरात छोट्या फेऱ्या असतील तर डिझेल नको. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मधूनमधून सलग मोकळ्या रस्त्यावर पळावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद केल्या जाणाऱ्या गाडीत तो तुंबतो. शहरात सीएनजी स्वस्त पडतो, फक्त सकाळची रांग आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट लक्षात ठेवा. इलेक्ट्रिकमध्ये एस ईव्ही 2022 मध्ये आली, 600 किलोची. रोजचा पल्ला ठरलेला असेल आणि रात्री चार्जिंगला हक्काचा पॉइंट असेल तरच. सोसायटीशी भांडून पॉइंट घेऊ अशा भरवशावर घेऊ नका.

सहावी पायरी: कागद

मालवाहू गाडीला पिवळी पाटी. तिच्याबरोबर फिटनेस आला: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, 3,000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. छोटा हत्ती, सुपर कॅरी यात बसतात. पिकअप घेताना आरसीवरचा आकडा बघून घ्या. लायसन्सचा घोळ 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मिटवला. हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स असलेल्याला 7,500 किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही.

विम्यात ‘पब्लिक कॅरिअर’ आणि ‘प्रायव्हेट कॅरिअर’ असे दोन प्रकार विचारा. फक्त स्वतःचाच माल नेणार असाल तर प्रायव्हेट कॅरिअरचा थर्ड पार्टी हप्ता बराच कमी असतो. एजंट पुष्कळदा सांगत नाही. पण मग रविवारी शेजाऱ्याचं सामान पैसे घेऊन हलवू नका, तेव्हाच काही झालं तर क्लेम अडतो.

जास्त माल भरण्याबद्दल: 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पासिंगपेक्षा जास्त वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे. माल हौद्याबाहेर लोंबत असेल तर वेगळे 20,000. ‘पाटे वाढवून घ्या, दीड टन उचलते’ असं गॅरेजवाला सांगेल. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत.

जीएसटी नंबर असलेल्यांनी बिल फर्मच्या नावाने, नंबर टाकून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला आणि तो क्रेडिट म्हणून परत घेता येतो. पाच सीटची ईको घेतलीत तर हे क्रेडिट नाही, कार्गो घेतलीत तर आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्यांना कुठलंच नाही. किमतीतला हा फरक सीएला विचारल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नका. कर्जाला मुद्रा योजना आहेच. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यात बसत असाल तर कर्ज मंजूर होण्याआधी तिकडचं पात्रता पत्र काढा, नंतर धावपळ होते.

आणि टोल. मुंबईत शिरणाऱ्या पाच नाक्यांवर 2024 च्या ऑक्टोबरपासून मोटारींना माफी आहे, टेम्पोला नाही. ठाण्यात राहून मुंबईत काम करणाऱ्याने हे दर फेरीच्या खर्चात धरावं.

जुनी घ्यायची असेल तर

अडीच-तीन वर्षांची, एका हाताची, कुणा दुकानदाराने माल पोचवायला वापरलेली गाडी मिळाली तर नव्यापेक्षा मी तीच घेईन. वाळू-खडी वाहिलेली, विटांच्या भट्टीवर चाललेली गाडी फुकट दिली तरी नको. ओळखायची कशी? हौद्याखाली वाका. चासीच्या पट्टीवर नवीन वेल्डिंग, पाट्यांमध्ये एक पान बाकीच्यांपेक्षा चकचकीत, हौद्याच्या तळाला वरून ठोकलेला नवा पत्रा, हे दिसलं की नमस्कार करून निघा. टायर आतल्या बाजूने जास्त झिजले असतील तर अॅक्सल वाकलाय का ते बघा.

एम-परिवहनवर नंबर टाकून फिटनेस, विमा, बोजा बघा आणि चलनं थकलीत का तेही तपासा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलीच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही घेऊन ‘नंतर नावावर करू’ म्हणणारे फार भेटतात. ते नंतर कधी येत नाही. पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीच्या स्वस्ताईला भुलू नका, 2022 पासून पंधरा वर्षांपुढच्या मालवाहूचं फिटनेस शुल्क चांगलंच वाढलं आहे.

गाडी दारात आल्यावर

पहिल्या आठवड्यात तिला कामाला लावण्याआधी सजवून घ्या. केबिनच्या मागे आडवी पत्र्याची पेटी, नटबोल्टने बसवलेली, दोन कुलपं. फिटिंगसाठी खणांचे ट्रे, म्हणजे पाऊण इंची एल्बो शोधायला गाडी रिकामी करावी लागत नाही. तळाला रबरी मॅट, नाहीतर बादल्या पहिल्याच ब्रेकला पुढे येतात. पाईपसाठी स्टँड करून घेणार असाल तर हलक्या पाईपचा करा. फॅब्रिकेटर मित्र जाडजूड अँगलचा बनवून देतात, प्रेमाने. त्या स्टँडचं, पेटीचं, मॅटचं वजन पासिंगमधूनच जातं. सगळं बसवून झालं की जवळच्या वजनकाट्यावर गाडी रिकामी तोलून घ्या, आरसीवरच्या एकूण वजनातून तो आकडा वजा करा आणि उरलेले किलो केबिनच्या आत, चालवणाऱ्याला दिसतील असे, पेंटने मोठे लिहून ठेवा.